साध्या वेशातला तपासनीस

चकचकीत बुटांचा माणूस आत आला, तसे डॉक्टर खुर्चीतून उठलेच. एरवी पेशंटसाठी ते मानसुद्धा वर करत नसत.

"या, या. बाहेर फार थांबावं नाही ना लागलं? काय होतंय?"

"मला काय होणार? मी पंखे विकतो. तुमचा बाहेरचा पंखा किती कुरकुरतोय, म्हटलं विचारून बघावं."

डॉक्टरांनी तोवर त्याचं मनगट हातात धरलं होतं. ते त्यांनी हळूच टेबलावर ठेवून दिलं.

परवापासून हे असंच चाललं होतं. डॉक्टर घरी जेवायला गेले असताना दवाखान्यात फोन आला. तो काउंटरबाईंनी घेतला. त्यांना सगळे काउंटरबाईच म्हणत. निरोप एवढाच होता की तपासणी मंडळाचं कुणीतरी येणार, पेशंट बनून, साध्या वेशात. दवाखान्यात पेशंटची नीट विचारपूस होते का, ते बघणार. नापास झालं की मान्यता रद्द. मग उभ्या हयातीत उभारलेल्या दवाखान्याला कुलूप.

"पुरुष येणार की बाई, काहीतरी बोलले असतील ना?" डॉक्टर उठता-बसता विचारत.

"नाही हो. एवढं बोलून फोन ठेवला त्यांनी."

तेव्हापासून डॉक्टरांचं मन सुपातल्या कोंड्यासारखं उडत होतं. आपलाच दवाखाना ते परक्या डोळ्यांनी बघू लागले, आणि जे दिसलं ते काही बरं नव्हतं. बाकड्याची फाटकी गादी. कित्येक वर्षं न उघडलेली रस्त्याकडची खिडकी. ती त्यांनी स्वतः ठोकून ठोकून उघडली. सगळ्यात वाईट दिसले ते स्वतःच. पेशंटचं बोलणं अर्ध्यावर तोडणारे. रडणाऱ्या पोराला दरडावणारे. काउंटरबाई घरातल्या कुणाचं तरी दुखणं सांगायला आल्या, तर गाडीची किल्ली बोटावर फिरवत दारातूनच गोळीचं नाव सांगून मोकळे होणारे. तपासनिसासमोर असलं काही झालं असतं तर? त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

म्हणून आता ते ऐकत होते. एका आजोबांनी गुडघ्याची कथा थेट लग्नापासून सुरू केली, ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. आजोबा जाता जाता दारात थबकले. "डॉक्टर, तुमची तब्येत बरी आहे ना?"

ऊन उतरणीला लागलं तेव्हा ती आली. साधे कपडे, हातात कापडी पिशवी. दाराच्या फटीतून डॉक्टर तिला न्याहाळत राहिले. बाकीचे पेशंट जमिनीकडे बघत बसले होते. ही मात्र पंखा बघत होती, गादी बघत होती, आणि घडीघडी काउंटरकडे बघत होती. काउंटरबाई तिच्याकडे चुकूनही बघत नव्हत्या. पाण्याचा पेला पुढे करताना त्यांच्या हातून निम्मं पाणी सांडलं.

'यांनीही ओळखलंय,' डॉक्टर मनात म्हणाले. 'पाचावर धारण बसलीय बिचारीची.'

आत येऊन ती बसायच्या आधीच बोलली. "हात धुतलेत का, डॉक्टर?"

झालं! शंकेला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले.

"बोला. सावकाश बोला."

"विशेष काही नाही. छातीत जळजळतं. चार पायऱ्या चढले की जीव घाबरतो. मग जबडा ओढल्यासारखा होतो. एक डॉक्टर म्हणाले, पित्त आहे."

"तपासून म्हणाले?"

"छे. न बघताच."

"असेही डॉक्टर असतात," डॉक्टर मान हलवत म्हणाले.

त्यांना डाव कळला होता. पित्त म्हणून सोडून दिलं की नापास. त्यांनी नाडी पाहिली, पाठ ऐकली, पावलांवर सूज आहे का ते दाबून पाहिलं, आणि हृदयाचा आलेख काढायच्या तारा स्वतःच्या हातांनी लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली.

डॉक्टरांनी ती पाहिली. पुन्हा उजेडाकडे धरून पाहिली.

दुखण्याचं सोंग आणता येतं. त्या कागदावर सोंग उमटत नाही.

"हलायचं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच जुना, ओळखीचा वाटला. "ही गोळी चावून खा."

मोठ्या इस्पितळात त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडचा माणूस टाळाटाळ करू लागला, तेव्हा ते ओरडले, "जागा नसेल तर करा! मी पाठवतोय!" अँब्युलन्स येईतो ते तिच्या उशाशी बसून राहिले.

"एवढं आहे का हो?" तिनं विचारलं.

"आहे. पण वेळेवर आलात." तिचा गार पडलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या वेळात त्यांना मंडळ आठवलं नाही, की मान्यता.

मान्यता आठवली ती स्ट्रेचर दाराबाहेर गेल्यावर.

"काय योग बघा, काउंटरबाई!" कपाळ पुसत ते बाहेर आले. "आली आपल्याला तपासायला आणि दुखणं तिचंच निघालं! पण पास झालो ना आपण?"

काउंटरबाईंनी त्या पेशंटची कापडी पिशवी खांद्याला लावली होती. "डॉक्टर, मी निघते."

"आत्ता? अहो, मंडळाकडून दुसरं कुणी आलं म्हणजे?"

"कुणी येणार नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि धावतच पायऱ्या उतरल्या.

डॉक्टर खिडकीशी आले. खाली अगदी भिंतीला लागून अँब्युलन्स उभी होती, दार अजून उघडंच होतं. काउंटरबाई आत चढल्या आणि त्यांनी तिचा हात उचलून आपल्या गालाशी धरला.

तिनं तोंडावरचा मास्क जरासा बाजूला केला. "रडतेस काय, छोटे? तू सांगितलं होतंस तेवढे वाईट नाहीत गं तुझे डॉक्टर."