दारावरची वही

लेकाचं वागणं म्हातारीला कधीच पटलं नाही. समोर कुणी डोळ्यांत पाणी आणलं की हा विरघळलाच. असला मऊ माणूस बिंगो हॉलच्या, म्हणजे आकड्यांच्या जुगारघराच्या, दारावर पहारेकरी! जुगाराचं व्यसन सुटावं म्हणून जे स्वतःच लिहून देतात की 'मला आत सोडू नका', त्यांचे फोटो दारावरच्या वहीत ठेवायचे आणि त्यांना अडवायचं, असा सरकारी नियम. त्याच्या बहिणीनेही आपल्याच हाताने फोटो चिकटवला होता. भरदुपारी म्हातारी लेकीच्या पोरीला कडेवर घेऊन आली. पोरीच्या केसांना धुराचा वास होता. "उघड वही." बहिणीच्या पानावर डिंकाचे नुसते डाग उरले होते. "आई, ताई रडली गं. एकदाच सोड म्हणाली." "एकदाच? गॅस पेटता ठेवून पोरीला कोंडून आलीय! शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं." आतून आकड्यांचा पुकारा चालूच होता. "आजपासून माझ्या दारात तुला बंदी. रडलास तरी मी विरघळायची नाही."