घरात मीठ नाही

अडुसष्टवर थांबलेला काटा आज एकाहत्तरवर गेला. शामसुंदर वजनकाट्यावरून उतरले. पायांवर सूज होती. बोटाने दाबलं की खळगा तसाच राही.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. हृदय दमलंय. गोळ्या वेळेवर, पाणी मोजून आणि मीठ बंद. पुन्हा अंगात पाणी भरलं तर या खेपेला काही सांगता येत नाही.

अंजनाबाई देवापाशी दिवा लावत आणि लगेच लघवीची गोळी नवऱ्याच्या हातावर ठेवत. एक वेळ चुकली नव्हती. हुडको कॉलनीतल्या घरातून मिठाचा डबा त्यांनी स्वतः बाहेर काढला होता. नवऱ्यासाठीच श्रावणभर उपास धरला होता. त्यांनाही सोबत उपासाचंच वाढत.

मग हे पाणी कुठून भरत होतं?

“तूच देत असशीन चोरून खारंबिरं,” त्या सुनेला म्हणाल्या. “लाडाचा सासरा ना तुहा!”

“आई, कसम से, मी नाही देत.” ममताने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

बोलणं वाढलं. संध्याकाळी गौरव बायकोला भिलाई-३ ला माहेरी सोडून आला. अंजनाबाईंनी आपल्या मुलाला अडवलं नाही.

चार दिवसांनी काटा त्र्याहत्तरवर होता. दवाखान्यात नर्सने आधी गोळ्यांच्या पट्ट्या पाहिल्या. सगळ्या बरोबर. मग खाणंपिणं विचारलं.

“मीठ तं घरातच नाही बाई. उपासाच्या साबुदाण्यात, आलूत सैंधव असते, तेवढंच.”

नर्सने पेन खाली ठेवलं. “माताजी, सेंधा नमक भी तो नमक ही है.”

भरतीची चिठ्ठी घेऊन दोघं ऑटोत बसली, मोठ्या दवाखान्यात जायला. अंजनाबाईंच्या हातातली जपमाळ पुढे सरकेना.

“देवाच्या नावानं जहर चारलं मी तुमाले,” त्या हळूच म्हणाल्या. “मले कोणी सांगतलं कावून नाही?”

शामसुंदरांना धाप लागली होती. थांबत थांबत ते बोलले, “ममतानं सांगतलं होतं. मले. पयल्याच सोमवारी. म्हणे, बाबा, आईले सांगू का? मीच नको म्हटलं.”

“कावून?”

त्यांनी भरतीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

“तेवढंच तं चवीचं भेटत होतं.”