मोहरीएवढे छर्रे

ओसरीवर द्वारकाबाईंच्या नवऱ्याने दोन काडतुसं मांडली होती. एकात मोहरीएवढे छर्रे होते, दुसऱ्यात वाटाण्याएवढ्या गोळ्या. उपासासाठी लावलेली रताळी साळिंदराने पार उकरून टाकली होती, म्हणून पहाटे तो दबा धरून बसणार होता.

"बारीकच भरा," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझा चातुर्मास चाललाय. चटका बसला की पळेल बिचारं."

"अगं, मोठ्या गोळ्यांनी एका बारात सुटेल. बारक्याने कुजत मरेल."

"जीव घेतल्याचं पाप माझ्या दारात नको."

"बरं बाई. जाताना तुझं हळदीकुंकूही लावून येतो त्याला." त्याने बारीक काडतूस उचललं.

पहाटे बार वाजला. छर्रे लागलेलं साळिंदर फरपटत बांधाखालच्या बिळात शिरलं. द्वारकाबाई फुलं काढायला गेल्या, तेव्हा आतून काट्यांची सळसळ आणि तान्ह्या मुलासारखं कण्हणं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशीही ते चालूच होतं.

घरी येऊन त्या हळूच म्हणाल्या, "मोठं काडतूस भरा."

नवऱ्याने यावेळी थट्टा केली नाही. "बीळ कातळाखाली वळलंय. आता गोळीही पोचायची नाही नि कुदळही."

संध्याकाळी त्या देवापुढे बसल्या. आजवर त्यांनी प्रत्येकासाठी आयुष्यच मागितलं होतं. एखाद्या जिवाला लवकर मरण दे, असं म्हणायला जीभ रेटेना. दिव्यातलं तेल संपत आलं, तेव्हा कुठे त्यांनी ते मरणही मागितलं.

बांधाकडून कण्हणं येतच राहिलं.