साडेसहाशे किलोमीटर

"नमस्कार, मी तुमचा कॅप्टन बोलतोय." स्पीकरमधून आवाज आला आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज तिच्या धाकट्या भावाचा. काय तो गोडवा! "आपल्याला साडेसहाशे किलोमीटर जायचंय. एक तास पाच मिनिटांत पोचू."

एवढंच अंतर, आणि दीड वर्षात या पायलटसाहेबांना ते कापून घरी येता आलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. हा आठवड्यातून तीनदा ताईच्याच शहरात विमान उतरवायचा, चाळीस मिनिटं थांबायचा आणि भुर्रकन परत. तेव्हा वेळ नसतो, मान्य. पण सुट्टीच्या दिवशी? कंपनीच्या माणसाला विमानात फुकट बसायला मिळतं. तरी याचे पाय घराकडे वळत नव्हते.

ताईनं मात्र बढती सोडली होती, कारण बढतीबरोबर बदली येत होती. आईला उठवायचं, बसवायचं, अंग पुसायचं, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. भावाबद्दल ब्र काढला की आई भिंतीकडे तोंड फिरवायची. "असू दे गं, त्याच्यामागं कामं असतात." लाडका ना तो!

आज ताईनं शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि त्याच्याच विमानाचं तिकीट काढलं. "लोकांदेखत त्याची खरडपट्टी काढते," ती आईला म्हणाली. "पुढच्या आठवड्यात तुला त्याच्या घरी पोचवते की नाही बघ." आईनं तिचा हात धरला. जाऊ नकोस म्हणाली. ताईनं हात सोडवून घेतला.

विमानात तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळी वाट ती मनातल्या वाक्यांना धार लावत बसली.

उतरताना कॅप्टन दाराशी उभा होता. हात जोडून, प्रत्येकाला तेच. "धन्यवाद, पुन्हा या."

"तू ये आधी," ताई म्हणाली.

त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मागची रांग खोळंबली. ताईला हवंच होतं ते. "सगळ्या जगाला पोचवतोस, आणि आजारी आईकडे यायला तुला जमत नाही? लाज कशी वाटत नाही रे?"

त्यानं तिला दंडाला धरून बाजूच्या पडद्याआड नेलं. "दोनदा तिला न्यायला आलो होतो, ताई. आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. आईनंच फोनवरून परत पाठवलं."

"थापा मारू नकोस. का म्हणून पाठवेल ती?"

"मी दारात आलो की तू तिची बॅग भरशील म्हणून. तिला तुझ्याजवळ राहायचंय. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली तिनं मला. शिव्या खा म्हणाली, पण येऊ नकोस."

दीड वर्ष या दोघांनी तिला वेड्यात काढलं होतं. आईचा तर असा राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. पर्समधला फोन वाजला. आईच होती.

"भेटला का गं तो?" तिनं घाईघाईनं विचारलं.

ताईनं समोर उभ्या भावाकडे बघितलं.

"कुठला भेटतोय," ती फटकन म्हणाली. "दुपारच्या विमानानं येतेय मी घरी. काकूंना सांग, रात्री तुझ्याबरोबर जेवायला मीच असेन."