एक्केचाळीस ठिकाणांहून हाक

सबरूटीनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या तुकड्याला, अहंकार नसतो. हाक आली की तिने जायचं, नेमून दिलेलं काम करायचं आणि जिथून हाक आली तिथेच निमूट परतायचं. वळ गावच्या गोदामात नव्याने लागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरला केसरीनाथ सर हे डोळे मिटून सांगत. उज्मालाही त्यांनीच सांगितलं होतं.

आता उज्माने लिहिलेल्या, खोक्याचं वजन काढणाऱ्या सबरूटीनला सॉफ्टवेअरमध्ये एक्केचाळीस ठिकाणांहून हाक येत होती. सरांनी मोजलं होतं. दोनदा. त्यांची स्वतःची सबरूटीन कुठल्या मालाला कोणती गाडी लावायची ते ठरवायची. तिला एकही हाक नव्हती, कारण गेटवरचे अय्यूबभाई मालावर एक नजर टाकून गाडी सांगत आणि ती बरोबर निघे.

शुक्रवारी उज्मा जेवायला गेली. सरांनी तिची फाइल उघडली आणि परतायच्या ओळीच्या आधी आपली एक ओळ घातली: जाता जाता गाडीवाल्या सबरूटीनला हाक मार. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हाका आता सरांच्या दारावरून जाणार होत्या. मग त्यांनी डबा उघडला. भाजी आज बरी लागत होती.

ती संपायच्या आत गोदामातले सगळे स्क्रीन अडकले. अय्यूबभाई दारात आले.

"सर, गेटवर बारा टेम्पो लागलेत. तुमचं कंप्युटर सोचतंय तोवर मी अंदाजाने सोडू का?"

सर एकामागून एक बटणं दाबत राहिले. अय्यूबभाईंनी सोडले.

उज्मा ओले हात ओढणीला पुसत आली आणि उभ्यानेच वाचत राहिली.

"सर, माझी सबरूटीन तुमच्या सबरूटीनला हाक मारतेय. तुमची पहिल्याच ओळीत वजन विचारायला परत माझ्याकडे येतेय. घरी कुणीच जात नाहीये."

"ही ओळ कोणी घातली असेल?"

"फाइलवर तुमचं नाव आलंय, सर."

तिने ओळ काढली. स्क्रीन हलले. सरांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की मशीन बसेपर्यंत आपल्या सबरूटीनला एकूण हाका किती आल्या.

उज्माने नोंद काढली. "चार हजार नऊशे नव्याण्णव."

सर खुर्चीत थोडे सरळ बसले. "आणि तुझ्या?"

"पाच हजार."