रिकामा कॅमेरा

कॅमेरा काउंटरवर ठेवून मेहजबीन स्टुलावर बसली ती जवळजवळ पडलीच. बिबवेवाडीहून सदाशिव पेठेपर्यंत बसमध्ये उभ्याने, वर हे धूड खांद्याला. गुडघे बोलत होते. त्यात हे तिसरं दुकान. आधीच्या दोन्ही ठिकाणी कॅसेटवाला कॅमेरा मागितल्यावर लोकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने रॉकेलचा स्टोव्ह मागितला.

"हा आता नाही दुरुस्त व्हायचा," पुष्कर म्हणाला. हा दुकानातला विक्रेता, चाळिशीचा, सकाळपासून उभा असल्यासारखा दिसणारा. "आणि झाला तरी कॅसेट कुठून आणणार?"

तेच तर. नवीन घेणं भागच होतं. रविवारी नसीमबानूच्या मुलीचं लग्न, आणि बायकांच्या बाजूचं शूटिंग मेहजबीनकडे होतं.

पुष्करने दोन कॅमेरे मांडले आणि सुरू झाला. पाठ केलेलं असावं, कारण मध्ये श्वास घेत नव्हता. त्यातला मोठा फारच हुशार म्हणे. त्यात दोन कार्डं, एक बिघडलं तरी दुसऱ्यावर सगळं असतंच. शिवाय शूटिंग चालू असतानाच ते आपोआप मोबाईलवर जातं, तिथून आणखी कुठेतरी साठतं. काही म्हणजे काही हरवत नाही.

"हरवत नाही, तीच पंचाईत आहे," मेहजबीन म्हणाली.

आता ह्याला काय आणि कुठून सांगायचं? तिच्या धंद्याची रीतच निराळी. बायकांच्या मांडवात एकही पुरुष नसतो. बुरखे खुंटीला जातात, आणि मग जिचा आवाज शेजारणीनेही कधी ऐकलेला नसतो, ती बाई ढोलकी पुढ्यात ओढून व्याह्यांच्या नावाने वाट्टेल ते गाते. नवरीची नानीसुद्धा नाचते. कॅमेरा समोर असून नाचतात, कारण शेवटी काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. मेहजबीन सगळ्यांच्या देखत कॅसेट बाहेर काढते, नवरीच्या आईच्या हातात देते आणि कॅमेऱ्याचा रिकामा कप्पा उघडून दाखवते. आई कॅसेट ओढणीच्या टोकाला बांधते. संपलं. पुढे कधी बघायची झाली, तर आईच ती घेऊन मेहजबीनच्या घरी येते, टीव्हीसमोर बसून बघते आणि परत घेऊन जाते. इतक्या वर्षांत एकही नाचणारी बाई कुणाच्या मोबाईलवर गेली नाही. म्हणून तर लोक तिला बोलवायचे. नाहीतर तिच्याहून चांगलं शूटिंग करणाऱ्या पोरी गल्लोगल्ली होत्या, आणि हे तिला पक्कं माहीत होतं.

तिने हे थोडक्यात सांगितलं. पुष्करकडे उपाय तयार होता. मोबाईलवर पाठवणं बंद करता येतं, हे बघा, इथे.

"बंद केलंय हे समोरच्या बाईला कसं दिसणार?"

पुष्करने मान खाजवली. मग नाखुशीनेच दुसरा, लहान कॅमेरा पुढे सरकवला. ह्याचा सगळा कारभार एका कार्डावर, स्वतःच्या पोटात हा काहीच ठेवत नाही. पण कार्ड गेलं की लग्न गेलं, हे त्याने आधीच सांगून टाकलं. काउंटरखालच्या ड्रॉवरमधून त्याने ट्रायलचं कार्ड काढून दाखवलं. नखाएवढं.

मेहजबीनचा धीरच खचला. कॅसेट कशी मुठीत भरायची. ही टिकली नसीमबानूच्या हातावर ठेवली, तर ती तोंडावर विचारील, आम्हाला बनवतेस का? आणि एकदा का तो भरवसा उडाला, की बायका भिंतीला टेकून बसणार. मग शूटिंग करायचं ते कशाचं, बिर्याणीचं?

चालवून तरी बघा, असं पुष्करने म्हटलं म्हणून तिने कार्ड घातलं आणि कॅमेरा त्याच्याकडेच रोखला. हलका होता. खांद्याला बरं वाटलं.

तेवढ्यात मालक रंगनाथशेठ आतून बाहेर आले. एका गिऱ्हाइकापाशी किती वेळ, बाकीचे काय पाहुणचाराला आलेत, अशी चारचौघांत पुष्करची हजेरी घेतली आणि वळून आत गेले. त्यांची पाठ फिरताच पुष्करने पोट पुढे काढलं, मान तिरकी केली, हुबेहूब त्यांच्यासारखी दोन पावलं टाकली आणि वर एक शब्द पुटपुटला, तो इथे सांगण्यासारखा नाही. रोजचीच सवय असावी.

मग त्याला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला.

"मॅडम, ते तेवढं डिलीट करा ना."

"केलं म्हणून सांगते," मेहजबीन म्हणाली. "पटेल तुम्हाला?"

त्याचा चेहरा पार उतरला. तिला त्याची दयाच आली. हा माणूसही तिच्याइतकाच दमलेला होता, आणि त्याला ही नोकरी गरजेची होती. तिने कार्ड काढलं, त्याच्या तळहातावर ठेवलं आणि सवयीने रिकामा कप्पा त्याच्यापुढे धरला. पुष्करने वाकून नीट बघून घेतलं.

कार्ड दुकानाचं होतं, त्याची जागा ड्रॉवरमध्ये होती. पुष्करने ते शर्टाच्या खिशात टाकलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाता जाता वरून खिसा चाचपला, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा एकदा.

मेहजबीन ते बघत होती.

"भाऊ," तिने हाक मारली, "हाच द्या."