दोन बाटल्या

"झाकण लाल झालं," भिडू म्हणाला. "आता तरी घरी जाऊ या?"

ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. मान न उचलताच तिने विचारलं, "आणि ताज्या दुधावर?"

"हिरवं. शास्त्रीबाई, तुम्ही बनवलेलं झाकण. चुकायची त्याची टाप आहे का?"

उद्योजकतेच्या पदव्युत्तर वर्गात त्याला सगळे भिडूच म्हणत. पहिल्या दिवशी 'भिडू हवाय' असा कागद पाठीवर चिकटवून तो वर्गभर फिरला होता. तो कागद तिनेच काढला होता. दुधाच्या बाटलीवर बसवायचं, दूध नासलं की लाल होणारं एक झाकण तिच्या डोक्यात होतं. ते विकण्यासाठी बोलका माणूस तिला हवा होता.

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. ते झाकण हातात घेणंही तिच्या जिवावर येई. त्यातलं शोधायचं ते सगळं पहिल्या सहामाहीतच शोधून झालं होतं. उरलं होतं ते दारोदार विचारत फिरणं. तुम्ही दूध कुठे ठेवता, कधी फेकता, का फेकता?

तिने दोन्ही स्टीलच्या बाटल्यांच्या गळ्यांत दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. एकीवर 'ताजं', दुसरीवर 'नासलेलं'. बाटल्या मुद्दामच स्टीलच्या होत्या, आतलं दिसू नये म्हणून.

"तू बस. फ्रीजमध्ये मी ठेवून येतो," तो म्हणाला.

त्याला यायला बराच वेळ लागला. कॉरिडॉरमधून त्याचा आवाज येत होता. "हो ताई, उद्या कळेल. उद्या सगळा निकालच लागेल. देवाला सांग काय ते."

त्याची ताईसुद्धा आस लावून बसली होती तर. शाळेतली गणिताची नोकरी सोडून आला होता तो. सोडायला तिनेच लावलं होतं. जुनी मुलं अजूनही त्याला फोनवर गणितं पाठवायची आणि हा रिक्षात, रांगेत, जेवताना ती सोडवत बसायचा.

घरी आईने विचारलं, "सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"अगं, प्रयोगशाळावाले किती थांबतील? हीच नोकरी हवी म्हणून जीव टाकत होतीस ना?"

"आई, मी गेले तर त्याचीही पदवी अडकते. नियमच आहे तसा."

"आणि उद्याच्या शेवटच्या चाचणीत परीक्षकांनी तुम्हाला निवडलं तर?"

"मग दोन वर्षं फक्त झाकण. तसा करारच करून घेतात."

"म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

ती हसली नाही. तिसरी एक वाट होती आणि ती तिला आठवडाभर झोपू देत नव्हती. शेवटच्या चाचणीत वस्तूच फसली, तर दोघांनी मिळून 'आम्ही का फसलो' एवढं लिहून द्यायचं. पदवी मिळते, वाटा मोकळ्या होतात, कोणी कोणाला सोडून गेलं असं होत नाही. मार्गदर्शक बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, "धंदा बुडाला तर बुडू दे. एकमेकांना बुडवू नका."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोहोचली. फ्रीज उघडला, दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या आणि अदलाबदल करून पुन्हा बांधल्या. आजवर तिने प्रयोगातला एक आकडाही इकडचा तिकडे केला नव्हता. आता झाकण खरं बोलेल आणि खोटं ठरेल. बाटली नाकाशी धरून हुंगायला परीक्षकांना वेळ कुठला? बाहेर जोड्यांची रांग लागलेली असते. सुंठीवाचून खोकला जाईल.

परीक्षकांच्या मधोमध एका मोठ्या डेअरीच्या मालकीणबाई बसल्या होत्या.

"बोला, काय आणलंय?"

भिडू बोलू लागला. एरवी दगडालाही झाकण विकेल असा तो आज धडा म्हणून दाखवावा तसा बोलत होता. थकलाय बिचारा, तिला वाटलं. तिने झाकण उचललं आणि 'ताजं' लिहिलेल्या बाटलीवर बसवलं.

आता लाल होईल.

झाकण हिरवं झालं.

तिने ते काढलं, पुसलं, 'नासलेलं' लिहिलेल्या बाटलीवर बसवलं. बसवताच लालभडक.

"अरे वा!" मालकीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मला हवंय हे. तुम्ही दोघंही हवे आहात. दोन वर्षं इकडेतिकडे बघायचं नाही हं!"

टाळ्या वाजल्या. मार्गदर्शक बाईंनी पुढे ठेवलेल्या करारावर तिने सही केली. मग भिडूने केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आनंदाने माणूस असाही दिसत असेल.

"जिंकलो," ती म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. "जिंकलो."

बाटल्या धुवायला दोघं बेसिनपाशी आले. तिने नळ सोडला. झोपेच्या तारेत आपण चिठ्ठ्या बदलल्याच नाहीत की काय? तिने हळूच 'नासलेलं'चं बूच काढून हुंगलं. आंबट भपकारा आला. पण ही चिठ्ठी तर तिने स्वतःच्या हाताने ताज्या दुधाला बांधली होती.

तिने शेजारी पाहिलं. दोन वर्षांत कधी दुधाचा वास घेतला नव्हता भिडूने. "ते खातं तुझं," म्हणायचा. आता दुसरी बाटली नाकाशी धरून तो पुन्हा पुन्हा हुंगत होता.

"असं कसं?" तो बाटलीलाच विचारत होता. "काल फ्रीजपाशी मी चिठ्ठ्या उलट्या बांधल्या होत्या."